फोटोपुरता संडास

१५ ऑक्टोबर, बुधवार

जागतिक हात धुवा दिन. उलव्याच्या साइटवर आज सगळ्यांनी हात धुतले, कोरडेच. पाण्याची टाकी मागच्या अंगाला, तिथे फोटोला उजेड नाही, म्हणून बॅनर गेटजवळ. वीटकामावरच्या बायका रांगेत, प्रत्येकीच्या हातात एकेक साबण, पुढ्यात रिकामी घमेली. चोळा, चोळा, इकडे बघा, हसा.

हेड ऑफिसहून दर महिन्याला यादी येते, कुठल्या तारखेला कुठला जागतिक दिन. आरोग्याचे दिन, हक्कांचे दिन. त्या त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत फोटो गेला पाहिजे, नाहीतर आमचा सेफ्टी ऑफिसर तेजस, त्याला फोन येतो. परदेशातले पैसे लावणारे लोक बघतात म्हणे. फोटोत बायका हव्यात ही त्यांची खास अट.

फोटो झाल्यावर तेजसने साबण परत गोळा केले, पुढच्या वर्षी लागतील म्हणून. यमुना, बायकांची मुकादम, साबणाचा वास घेत उभी होती, तिच्याही हातातून काढून घेतला. पालिकेच्या दवाखान्यात तीस वर्षं मी असले दिवस साजरे केले. रिटायर होऊन इथल्या फर्स्ट एडच्या खोलीत येऊन बसले. पण साबण परत नेणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. पनवेलला घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे चहाचा कप खाली ठेवून हसत बसले.

बाकी: दोन पट्ट्या, एकाच्या डोळ्यात सिमेंट, एका बाईला चक्कर. माझी बी.पी.ची गोळी संपलीय.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

परवा चक्कर आली ती सुंदरी, यमुनाची सून. आज परत आली, सासूच्या मागे लपत. स्टुलावर धड बसवेना. लघवीला जळजळ. चौथा महिना चालू आहे, हेही आजच कळलं.

विचारलं, दिवसाचं पाणी किती पितेस? ती सासूकडे बघायला लागली. यमुनाच बोलली, "सकाली निंगताना घोटभर. मंग घरी गेल्याव. मदी प्यालं तर जायाचं कुठं, सिस्टर?"

खरंच, कुठे? पुरुषांचे संडास मागे लेबर कॅम्पात, दाराला कडी नाही, बाहेर कायम माणसं. पूर्वी साइटच्या पाठीमागे झुडपं होती, आता चारी बाजूंनी बिल्डरांचे पत्रे. आपटा गावाच्या पुढे यांची वाडी आहे, तिथून पहाटे टेम्पोने निघतात, अंधार पडल्यावर घरी. अकरा बायका. रोज.

मी इथे सव्वा वर्ष आहे. सेल्स ऑफिसच्या बाथरूमची चावी पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये. एकदाही मनात आलं नाही की ह्या कुठे जात असतील. आणि मी म्हणे नर्स. लाज वाटली, चांगलीच वाटली.

सुं.ला चिठ्ठी दिली, उद्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखव, लघवी तपासून घे. यमुनाला चावी दिली. म्हटलं, सगळ्याजणी वापरा.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी संपून साइट पुन्हा भरली. माझ्या चकल्या यंदा जमल्या, ह्यांनीसुद्धा कबूल केलं. सुं.च्या गोळ्या पूर्ण झाल्या, जळजळ थांबली. डॉक्टरांनी सांगितलंय, पाणी भरपूर, लघवी तुंबवायची नाही, पुन्हा पुन्हा झालं तर बाळालाही धोका. सांगायला त्यांचं काय जातं.

चावी गेली. सेल्स ऑफिसच्या मॅडमनी तक्रार केली की टाइल्सवर चिखलाची पावलं उमटतात, गिऱ्हाइकं काय म्हणतील. साहेबांनी (प्रोजेक्ट मॅनेजर, इथे सगळे नुसतं साहेब म्हणतात) चावी मागून घेतली. विषय रास्त आहे म्हणाले, पुढच्या तिमाहीत बघू. मी म्हटलं, तोवर सॅम्पल फ्लॅट तरी उघडा, दोन दोन बाथरूम आहेत. तेव्हा कळलं की त्या चकचकीत कमोडांना खाली पाइपच नाही. नुसते दाखवायचे आहेत.

आता माझीही पंचाईत. आज दिवसभरात अर्धा ग्लास पाणी प्यायले. तीन वाजता डोकं असं ठणकायला लागलं की... आणि मग लक्षात आलं, ह्या बायका दुपारी रांगेने डोकेदुखीची गोळी का मागतात. सव्वा वर्ष मी ती देत होते.

१९ नोव्हेंबर, बुधवार

जागतिक शौचालय दिन. तेजसने बबनशेठकडून फायबरची केबिन आणवली. बबनशेठ उरण रोडचे मंडपवाले. शेती विमानतळाच्या पट्ट्यात गेली, आलेल्या पैशात त्यांनी मंडप, खुर्च्या, जनरेटर आणि लग्नात भाड्याने द्यायच्या चार केबिनी घेतल्या. त्यातली ही एक. निळी. आत टाकी, नळ, कडी, आरसासुद्धा. साहेबांनी फीत कापली. बायकांच्या हातात पाट्या, 'स्वच्छता माझा हक्क'. फोटो साडेदहालाच गेला. तेजस खूश, एवढ्या लवकर कधी जात नाही.

पुढचं काही फोटोत नाही. साडेदहापासून एकेक बाई आत जात होती आणि तोंड धुऊन, केसांवरून ओला हात फिरवून बाहेर येत होती. आरशामुळे वेळ लागत होता. माझा नंबर सातवा. सुं. चार वेळा गेली आणि चारही वेळा मला येऊन सांगून गेली.

पाच वाजता टेम्पो दारात. फोटो झाला ना, मग केबिन परत. सुं. नेमकी आत. ड्रायव्हर दोर घेऊन उभा, आणि यमुना दारासमोर पाय पसरून बसलेली. तेजस मला म्हणाला, सिस्टर, तुम्हीच सांगा त्यांना. मी सांगितलं नाही. बबनशेठना फोन लावला. थोरल्या मुलीच्या लग्नापासून मंडपवाल्यांची रीत मला पाठ आहे: भाडं दिवसावर नसतं, कार्यक्रमावर असतं. कार्यक्रम लांबला तर सामान जागेवर. म्हटलं, बबनशेठ, आमचा कार्यक्रम अजून संपलेला नाही.

"कवा संपनार?"

म्हटलं, उद्या मुलांचा दिन आहे, जागतिक. खोटं नाही, यादीत आहे.

 मग म्हणाले, "पोरांच्या दिवसाला संडास कशाला लागतो, सिस्टर?" म्हटलं, तुमच्या नातवाला लागत नाही का? त्यावर हसले. उद्यापर्यंत राहू द्या म्हणाले. ड्रायव्हर दोर गुंडाळून गेला. सुं. बाहेर आली तर तिला यातलं काहीच माहीत नव्हतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी ह्यांनी टेबलावर दोन याद्या मांडल्या. एक तेजसची, जागतिक दिनांची. दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरमागची, लग्नाच्या मुहूर्तांची. तुळशीचं लग्न लागलं की बबनशेठचा सीझन सुरू, मुहूर्ताला केबिन जाणारच. आपण मधले दिवस भरायचे. हे बंदरातल्या ऑफिसातून रिटायर झालेले, जहाजांच्या तारखा जुळवण्यात जन्म गेला, त्यामुळे एकदम अंगात आलं. निळ्या पेनाने दिन, लाल पेनाने मुहूर्त.

२१ ला जागतिक दूरदर्शन दिन निघाला. ह्यांना फार आवडला, पण तो हेड ऑफिसच्या यादीत नाही, रद्द. २५ ला घबाड सापडलं. बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्ध सोळा दिवस, २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर, शेवटी मानवी हक्क दिन. एकच कार्यक्रम, सोळा दिवसांचा. मधले चार दिवस उघडे पडत होते. हे म्हणाले, पूर्वतयारी म्हण.

बत्तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघं एका कागदावर इतका वेळ डोकं घालून कधी बसलो नव्हतो. मजा आली. आमटी लागली तळाला.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बबनशेठ स्वतः आले, पांढरे बूट घालून, चिखलातून. सोळा दिवसांचा कार्यक्रम ऐकून कमरेवर हात ठेवले. "आमच्यात लगीन पन एवढं चालत नाय." मी हेड ऑफिसने पाठवलेला सोळा दिवसांच्या शपथेचा छापील कागद दाखवला, वर तारखा. त्यांनी सावकाश वाचला. मग केबिनचं दार उघडून आत डोकावले आणि बराच वेळ डोकावूनच राहिले. बायकांनी सफाईच्या पाळ्या लावल्यात, आत नुसतं लख्ख. म्हणाले, लग्नातली शिकलेली माणसं चार तासांत वाट लावतात. टाकी उपसायला गाडी मी पाठवतो म्हणाले. मुहूर्ताला मात्र नेणार, त्यात बोलायचं नाही. मी मान्य केलं.

तेजसला सगळं कळतं. फोटोत केबिन येऊ नये एवढी काळजी घेतो, बाकी फोनमध्ये बघत बसतो.

१ डिसेंबर, सोमवार

काल मुहूर्त होता. शनिवारी संध्याकाळी केबिन गेली. काल अर्धा दिवस काम होतं, कोणी पाण्याला तोंड लावलं नाही, यमुना म्हणाली.

आज नऊ वाजता केबिन परत आली ती झेंडूच्या माळांसकट. दारावर थर्माकोलचं 'शुभविवाह', खाली कुणाकुणाची नावं. सुं. घाईने धावत गेली, दार बघून थबकली, आणि तोंडाला पदर लावून जी हसत सुटली... हसता हसता आत जायची राहिली, दुसरीच शिरली.

आज जागतिक एड्स दिन. तेजसने सगळ्यांना लाल रिबिनी टाचल्या, यमुनाने एक केबिनलाही टाचली. माळा, शुभविवाह आणि लाल रिबीन. मी दहा मिनिटं बोलले, सुयांबद्दल बोलले, नवऱ्यांबद्दलही बोलले, आडपडदा न ठेवता. बायकांनी असे प्रश्न विचारले की तेजस बॅनरची दोरी सोडून पुन्हा बांधत बसला. पण ऐकत होता.

४ डिसेंबर, गुरुवार

साहेबांच्या लक्षात आलं. बोलावून विचारलं, इथे कुणाचं लग्न आहे का. मी सोळा दिवसांचं सांगितलं. म्हणाले, दहाला संपतोय ना, मग अकराला जागा मोकळी हवी, तिथे गिऱ्हाइकांच्या गाड्या लागणार. पक्क्या संडासाचं विचारलं. पुढची तिमाही. ऑक्टोबरमध्ये पुढची म्हणजे जानेवारी होती, आता ते एप्रिल म्हणतात.

यमुनाला सांगितलं. ती विटा रचत राहिली. थोड्या वेळाने माझ्या खोलीच्या दारात आली, हे फोटो नेमके कोण बघतं विचारायला. मला माहीत होतं तेवढं सांगितलं. मग तिने विचारलं, आम्ही त्यात नसलो तर? म्हटलं, तर तेजसला फोन येतो, साहेबांनाही येतो. अजून दोन-तीन गोष्टी विचारल्या, किती वाजता जातो, कोण पाठवतं. आणि कामाला गेली.

मी आणि हे अजून कॅलेंडरातच. अकराला आरोग्याचा कुठलाच दिन नाही. पर्वतांचा आहे.

१० डिसेंबर, बुधवार

मानवी हक्क दिन. सविस्तर लिहिते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही.

चारला बॅनर लागला. पाट्या वाटल्या. बायका आल्या, पण रांगेत उभ्या राहिल्या नाहीत. बॅनरसमोर खाली बसल्या, अकराच्या अकरा, पाट्या मांडीवर पालथ्या. तेजसला वाटलं दमल्या असतील. पाच मिनिटं थांबला. मग म्हणाला, चला, उठा. कोणी हललं नाही. यमुनाचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"फोटू पायजे ना तुमाला? मंग संडास ऱ्हाऊ दे. संडास गेला तर आमी पन गेलो फोटूतनं."

साहेब आले. आधी समजावलं, मग रागावले, ठेकेदाराला फोन लावतो म्हणाले. यमुना म्हणाली, लावा. ठेकेदाराचा फोन लागला नाही. पाच वाजले. हेड ऑफिसचा फोन आला, आजचा फोटो वर्षाच्या अहवालात पहिल्या पानावर जायचाय, अजून कसा आला नाही. साहेब लांब जाऊन बोलले, परत येऊन मला म्हणाले, हे तुम्ही शिकवलंत. मी नाही म्हटलं, आणि ते खरं आहे. मला हे सुचलंच नसतं. मी तारखा जुळवत बसले होते.

सुं. मधोमध बसली होती, पोटावर हात ठेवून.  सगळ्यांची रोजी एका फोनवर जाऊ शकते, मला माहीत आहे, त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

साडेपाचला साहेब म्हणाले, ठीक आहे. केबिन राहील, महिन्याभरात दोन पक्के बांधू. यमुना म्हणाली, कागदावर. तेजसने लिहिलं, साहेबांनी सही केली. सुं. सातवी शिकलीय, तिने मोठ्याने वाचून दाखवलं, एका शब्दाला अडली, तो तेजसने सांगितला. मग उठल्या, मागची धूळ झटकली, पाट्या सुलट्या केल्या. यमुनाने साहेबांना हाताला धरून मधे उभं केलं. फोटो पाच पन्नासला गेला. सगळ्यात चांगला फोटो आहे, साहेबसुद्धा हसतायत.

येताना जिलबी घेतली पाव किलो. बी.पी. मोजला नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

आज त्याची दुसरी बाजू. साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं, सिस्टर, तुमचं काम पट्टी बांधायचं. कॉन्ट्रॅक्ट मार्चमध्ये संपतंय, तेव्हा बघू.

भीती वाटली का? थोडी. पेन्शन आहे, अडणार काही नाही. पण सकाळी डबा घेऊन निघायची सवय आहे, दिवसभर घरात राहिले तर ह्यांच्या टोमॅटोच्या कुंड्यांवरून आमची रोज भांडणं. हे म्हणाले, काढलं तर काढलं, गच्चीत अजून दहा कुंड्या मावतात. एवढं बोलून गच्चीत गेले आणि खरंच जागा मोजत होते. वेडा माणूस.

२३ डिसेंबर, मंगळवार

पौष लागला. मुहूर्त नाहीत. बबनशेठ नाराज, आम्ही खूश. त्यांचा फोन आला, गोडाऊनमध्ये सामान ठेवायला जागा नाही, केबिन तुमच्याकडेच राहू दे. मग उगाच बोलत राहिले, ठेवायचं नाव नाही. त्यांची आई मिठागरावर कामाला जायची. दिवसभर उन्हात, आणि पाणी प्यायची नाही. "मला वाटायचं आईला तानच लागत नाय," म्हणाले. साठीचा माणूस. नोव्हेंबरात केबिनीत डोकावून उभे होते तेव्हापासून हे डोक्यात होतं म्हणाले.

 मग त्यांनीच विषय बदलला, टाकी भरली का विचारलं.

८ जानेवारी, गुरुवार

पक्के दोन चढतायत. महिना उद्या-परवा भरतो, साहेबांनी शब्द पाळला म्हणायचा. विटा ह्याच बायका वाहतात आणि यमुना गवंड्याच्या डोक्यावर उभी. कडी आतून, तीही वरच्या बाजूला, खालची फटीतून काढता येते. पदर अडकवायला खिळा. बादलीला जागा. गवंडी वैतागून मला म्हणाला, सिस्टर, ही बाई बंगला बांधून घेतेय का? यमुनाने ऐकलं. म्हणाली, बांधते की रोज, दुसऱ्यांचे.

आरसा साहेबांनी कापला यादीतून. दुपारी तेजस कुठूनतरी दोन आरसे घेऊन आला, कुठून ते विचारू नका म्हणाला. सॅम्पल फ्लॅटमधून असणार. मी विचारलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

काल संक्रांत, कालपासून संडास सुरू. फीत नाही, फोटो नाही, काल यादीत कुठला दिनच नव्हता. केबिन सकाळी गेली. न्यायला बबनशेठ स्वतः, तिळगुळाचा डबा घेऊन. यमुनाने केबिनला जाताना हात लावून नमस्कार केला, बायका हसल्या, ती हसली नाही.

सुं.चा लघवीचा रिपोर्ट आला, साफ. सातवा महिना, वजन वाढलंय. माझ्या खोलीत आली, बाटली तोंडाला लावून अर्धी रिकामी केली, तोंड पुसलं आणि सावकाश चालत गेली. घाई नाही काही नाही. मी खिडकीतून बघत बसले. तीस वर्षांत किती बाळंतपणं केली, पण एवढा आनंद मला कशाने झाला असेल, आठवत नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

इथलं वीटकाम संपलं. ठेकेदाराने बायकांना दुसऱ्या साइटवर टाकलं, उलव्यातच, खाडीच्या बाजूला, दुसऱ्या कंपनीची. गेला शनिवार त्यांचा इथला शेवटचा, मला त्या निघता निघता कळलं. टेम्पो चालू होता, यमुनाने माझा फोन नंबर लिहून घेतला. तिथे बायकांचा संडास नाही, आधीच विचारून ठेवलंय तिने. पत्रे आहेत चारी बाजूंनी. सुं.ही जातेय. आता थांब म्हटलं तर म्हणाली, घरी बसून काय खाऊ.

इथे आता प्लास्टरवाले, सगळे पुरुष. दोन पक्के संडास, आतून कडी, खिळा, आरसा, आणि वापरणारी मी एकटी. आज तिथे उभी राहून रडले थोडी. वेडेपणा. बाहेर येऊन एकाचा अंगठा शिवायला पाठवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

यमुनाचा फोन, दुपारच्या सुट्टीत. सुं. बरी आहे, पण पाणी पुन्हा बंद. मी रागावले. ती ऐकून घेत राहिली. मग तिने विचारलं, इथली कंपनी पण दिवस करते का? मला काय माहीत. घरी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, मोठी असेल तर करतच असणार, मोठ्यांना पैसे लावणारे सोडत नाहीत. यमुनाला तेवढंच कळवलं, आणि पुढचा दिन कुठला तेही सांगितलं. तिने सुं.ला तारीख पाठ करायला लावली, मला ऐकू येत होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

जागतिक सामाजिक न्याय दिन. आमच्याकडे अकरालाच उरकला. बायका नाहीत, म्हणून तेजसने मला प्लास्टरवाल्यांच्या मधे उभं केलं. फोटोत मी एकटीच बाई.

पाचला यमुनाचा फोन. मागे माइकवर कोणीतरी टेस्टिंग टेस्टिंग करत होतं.

"सिस्टर, हितं बॅनर लावलाय. पाट्या दिल्यात. आमी खाली बसलोय. पन हितला सायब म्हंतो, बसा खुशाल, उद्या दुसऱ्या बाया आनतो."

 आमचे साहेब असं म्हणाले नव्हते. काय सांगू? मी इथे पंख्याखाली बसलेली. आठवा महिना सुं.चा. विचारलं, सुंदरी कुठे आहे? म्हणाली, माझ्या शेजारीच. विचारलं, तुझ्या मनात काय आहे, यमुना? उठायचंय?

"उठायचं तर फोन कशाला केला असता? तुमाला नुसतं कलवलं."

मग आवाज तुटला. दोनदा लावला, उचलत नाही.

त्यांच्याकडेही फोटो सहाच्या आतच जायचा असणार. आत्ता पाच वीस. तेजसला सांगितलं, आज लवकर निघते. त्याने कुठे ते विचारलं नाही, नुसती त्या साइटच्या गेटची खूण सांगितली. ह्यांना फोन करून सांगितलं, जेवणाला उशीर होईल. हे सगळं मी गेटबाहेर, रिक्षाची वाट बघत, गुडघ्यावर वही ठेवून लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. तिथे मला कोणी ओळखत नाही. अकराजणी खाली बसल्यात. बारावी जाऊन बसली म्हणून त्या साहेबाचं मन बदलेल असं नाही. पण उद्याच्या दुसऱ्या बाया आणायच्या झाल्या, तर आधी माझ्यावरून जावं लागेल. रिक्षा आली.